पाऊल टेकण्याआधीचा शब्द

सकाळी पायऱ्या उतरून कार्यशाळेत गेले, तर सुतारणीच्या टेबलावर तिचा एप्रन धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून ठेवलेला. मी घाबरले. एरवी धुतलेला एप्रन पाहून कोणी घाबरत नाही हे मलाही कळतं. पण आम्ही कृत्रिम पाय बनवणारी माणसं. आमचे एप्रन प्लास्टर पिऊन पिऊन असे कडक होतात की त्यांना खुंटी लागत नाही, भिंतीला टेकवले की उभे राहतात. आमचा रेझिनवाला, म्हणजे साच्यावर रेझिन ओतून पायाला कडकपणा आणणारा गडी, नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते दाखवतो आणि म्हणतो, इथे एप्रनसुद्धा स्वतःच्या पायावर उभे आहेत. असा एप्रन कोणी धुवायला नेत नाही. तो धुतला जातो एकदाच, नोकरी सोडताना, कारण तो रुग्णालयाच्या भांडारात परत करावा लागतो आणि भांडारातला माणूस पांढरा धुरळा दिसला की नाक मुरडतो. घडीवर तिची कानस होती, ब्रशनं घासलेली, दात न् दात मोकळा. शेजारी कापडाखाली झाकून ठेवलेला सलूनवाल्याचा नवा पाय. मी कापडाला हात लावला नाही. हातातली पिशवी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही, आणि रेझिनवाला माझ्याकडे पाहत नाही असं दाखवत आपल्या बादल्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिला.

मी गर्विष्ठ बाई आहे, हे सांगून टाकलेलं बरं. गर्व पाप आहे असं मला नीट बोलता यायच्या आधीपासून शिकवलंय, आणि दर रविवारी उपासनेत मान खाली घालून मी त्याची क्षमाही मागते. पण सोमवारी या पायऱ्या उतरले की तो खाली माझी वाट पाहत बसलेला असतो. रुग्णालयाच्या इमारतीखाली, अर्धी जमिनीत गेलेली ही खोली. खिडक्या वर, छताजवळ, बाहेरच्या फरसबंदीच्या पातळीवर, त्यामुळे आम्हाला दिवसभर रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. बूट, चपला, एखादी घाईची टाच, एखादी काठी. वर डॉक्टर लोक एक्स-रे बघतात, आम्ही खाली बसून चालणं बघतो. पट्टे शिवणारे काका खिडकीतून नुसतं पाऊल पाहून सांगतात, हिची कंबर धरलीय, ह्याचा जोडा नवा आहे, हा बायकोशी भांडून निघालाय. शेवटचं ते आपल्या मनाचं घालतात, पण पहिली दोन खरी निघतात. रेझिनवाला देवाला मानत नाही, तसं त्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण मी सकाळी खालच्या पायरीवर डोळे मिटून उभी राहते तेवढा वेळ तो मशीन लावत नाही, आणि दुसऱ्या कोणाला लावूही देत नाही. आणि सुतारीण. हे तिचं नाव नव्हे. ती लाकडी सामानाच्या कारखान्यातून आमच्याकडे आली, चाळिशीला टेकलेली, आणि आल्या आल्या कानस अशी धरली की काकांनी तोंडातली सुई काढून ठेवली. तेव्हापासून ती सुतारीण. माणसं माझी, खोली माझी, आणि वर्षानुवर्षं या खोलीतून लोक चालत बाहेर गेलेत. आता याचा अभिमान वाटू नये म्हणजे काय करावं, ते मला कोणी सांगितलेलं नाही.

त्यात भर म्हणजे येत्या रविवारी मला आमच्या चर्चच्या मंडळीत बोलायचं होतं. आमच्या पाळकांनी पुढारी माणसांची सभा ठेवली होती. गायनमंडळाचा प्रमुख, महिला संघाच्या बाई, दोन शाळामास्तर, एक कारखान्याचा सुपरवायझर, आणि मी. विषय, हाताखालच्या माणसांना उभारी देणारे शब्द. पाळक फार भले गृहस्थ, पण छान या शब्दाचा त्यांच्याकडे नळ आहे. प्रार्थना छान, चहा छान, एकदा अंत्यविधीनंतर विधवेचा हात धरून म्हणाले, गाणी छान झाली. मी मनात ठरवलं होतं की रविवारी उभं राहून यांची छान छान बंद करायची. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं, आणि ते मी पुस्तकातून उचललेलं नव्हतं, या खोलीत शिकले होते.

आमच्याकडे खोलीच्या मध्ये दोन लांब समांतर दांड्या आहेत. नवा पाय लावला की माणूस त्या दोन्ही हातांनी धरून पहिल्यांदा उभा राहतो. त्या वेळी सगळी मशीनं बंद करायची आणि कोणी तोंडातून ब्र काढायचा नाही, हा आमचा नियम. कार्यशाळेचा प्रमुख दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो, माणसाच्या डोळ्यांत बघतो आणि एकच शब्द म्हणतो, या. त्यानंतर पाऊल जमिनीला टेकून त्यावर अंगाचा भार येईपर्यंत गप्प. कारण पाय अधांतरी असताना कोणी शाबास म्हटलं की माणूस मान वळवतो, कोण म्हणालं ते बघतो, लाजून हसतो, आणि तोंडावर पडतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका मावशींची सून कौतुकानं टाळ्या वाजवायला गेली आणि मावशी दांडीवरून घसरून थेट काकांच्या मांडीवर. म्हणून आधी पाऊल, मग शब्द. पाण्यावरून चालायला निघालेल्या त्या मासे धरणाऱ्या शिष्याला प्रभूनं तरी दुसरं काय म्हटलं, ये. एवढंच. वा वा, काय चालतोस, असं म्हटलं नाही. आणि तो बुडायला लागला तेव्हा भाषण न करता हात धरला. रविवारी हे सांगितल्यावर पाळकांचा चेहरा कसा होईल याची कल्पना करण्यात माझ्या बऱ्याच आंघोळी मजेत गेल्या होत्या.

या विचाराचं मूळ खरं तर बाबांचं. बाबा गवंडी, गवंड्यांच्या टोळीचे मिस्त्री. त्यांच्या टोळीत शिव्या नव्हत्या, आणि उगाच पाठ थोपटणंही नव्हतं. संध्याकाळी काम थांबलं की ते ओळंबा घेऊन प्रत्येकाच्या भिंतीपाशी जायचे. दोरी सोडायचे, खालचा गोळा हलायचा थांबेपर्यंत थांबायचे, मग एक डोळा मिटून बघायचे. टोळी मागे उभी, घाम पुसत, आणि डबा द्यायला गेलेली मी त्यांच्यात. मग ते म्हणायचे, हा कोपरा बघा, ओळंब्यात आहे. नाहीतर, ह्या थरात माल सारखा पडलाय. माणसाला चांगला म्हणायचे नाहीत, भिंतीतली नेमकी जागा दाखवायचे, आणि ज्याची ती जागा असायची तो गडी घरी जाताना दोन इंच उंच झालेला असायचा. मी एकदा विचारलं होतं, सकाळीच का नाही हो सांगत त्यांना, हुरूप येईल की. तर म्हणाले, देवानंसुद्धा सृष्टी करताना आधी पाहिलं आणि मग चांगलं म्हटलं. मी त्याच्याहून शहाणा आहे का. पायाच्या बाबतीतही मी तेच केलं. काम झाल्यावर तो हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, आणि जिथे खरंच हात दिसला ती जागा बोटानं दाखवायची. कोणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं नाही आणि कोणाला खालीही ढकलायचं नाही. माझ्या बोटाखाली सुतारणीच्या कामातल्या किती जागा येऊन गेल्या असतील. ती मान हलवायची आणि पुढचं प्लास्टर कालवायला घ्यायची.

आणि मग सलूनवाल्याचा पाय आला. उजवा, गुडघ्याखाली कापलेला. त्या माणसाचा धंदा उभ्यानं करायचा. बसून केस कापता येत नाहीत, त्यानं करून पाहिलं होतं, गिऱ्हाईक म्हणालं मला वाटतंय कोणी बकरी चरतेय. हे त्यानंच सांगितलं. माप द्यायला आला तेव्हा इतका बोलला की माझ्या भांगापासून काकांच्या कानांवरच्या केसांपर्यंत कोणाला सोडलं नाही. आम्ही माप घेतो म्हणजे उरलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा काढतो, साच्यात प्लास्टर ओततो, आणि त्याच्या पायाची नक्कल तयार होते. ती नक्कल मग कानशीनं घडवायची. जिथे मांस आहे तिथे खरवडायचं, जिथे हाड वर आलंय तिथे प्लास्टर चढवायचं, म्हणजे वरून बनणाऱ्या सॉकेटमध्ये त्या हाडाला खोबण मिळते. सॉकेट म्हणजे पाय आत बसतो ती वाटी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचं एक बोंड असतं. त्याला जागा ठेवली नाही तर माणूस पाऊल टाकूच शकत नाही. आता गंमत अशी की प्लास्टरची ती नक्कल वाइसच्या लोखंडी जबड्यात उलटी धरतात, गुडघा खाली, टोक वर. उलट्या पायाला बाहेरची बाजू कुठली हे पेन्सिलच्या खुणेवरून कळतं. त्या दिवशी ओल्या हातानं खूण पुसली गेली होती. सुतारणीनं अंदाजानं प्लास्टर चढवलं, सुंदर चढवलं, आणि आतल्या बाजूला चढवलं. आमच्या धंद्याबाहेरच्या कोणालाही ही चूक करता येणार नाही, इतकी ती आमची आहे. दांड्यांमध्ये त्यानं भार टाकला आणि त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. खाली बसला. बोंडावरची कातडी सोलली होती. मी पुढे झाले आणि म्हणाले, पाय माझ्या कार्यशाळेनं बनवला, चूक कार्यशाळेची, जखम भरली की दुसरा तयार असेल.  एवढा बोलणारा माणूस, जाताना आमच्याकडे पाठ करून गेला. मी सुतारणीचं नाव घेतलं नाही, तिला एक शब्दही लावून बोलले नाही, आणि माझ्या मते मी फार मोठेपणानं वागले होते. त्यानंतर तिनं तो पाय परत पहिल्यापासून घडवायला घेतला. टेबलावर ओणवी, कोणाशी न बोलता. मी तिच्या बाजूला फिरकले नाही. काम पुरं होईल, मग बघू, मग बोलू, असं माझं चाललं होतं.

एप्रन दिसला त्या सकाळी मी तिला शोधत गेले, तर ती मागच्या अंगणात होती, जुने साचे फोडून टाकायच्या ढिगाजवळ, घरच्या कपड्यांत. एप्रनशिवाय ती मला बारीक वाटली. मी विचारलं, हे काय चालवलंयस. ती शांतपणे म्हणाली की पाय तयार आहे, दुपारी सलूनवाले येतील, तुम्ही चालवून बघा, मी इथे बाहेर थांबते. पाय जमला नाही तर परत आत यायचं नाही, इथूनच घरी जायचं, म्हणून सगळं आवरून ठेवलंय. मी म्हटलं, आणि जमला तर? तर तिनं खांदे उडवले. मला राग आला. आला म्हणजे चांगलाच आला. मी तिला सांगायला लागले की चूक कोणाची होत नाही, मी कोणापुढे तुझं नाव घेतलं का, आवाज चढवला का, तिरक्या डोळ्यानं तरी पाहिलं का. ती ऐकत राहिली. पायाखालच्या प्लास्टरच्या तुकड्यांकडे बघत होती, त्यातल्या एकावर कोणाची तरी टाच अर्धी उमटली होती.

"तुम्ही कधीच ओरडला नाहीत ताई," ती म्हणाली. "काम चांगलं झालं की दाखवलंत, कुठे चांगलं झालं ते. इतकं नेमकं मला कोणीच कधी दाखवलं नव्हतं. पण काम झाल्यावर. दर वेळी झाल्यावर. ह्या वेळी काम बिघडलं, मग मी कोण होते मधल्या दिवसांत? मी सकाळी यायचे, तुम्ही कापडाकडे बघायचात. माझ्याकडे नाही."

 वरच्या रस्त्यावरून कोणाचं तरी सामान ओढत नेल्याचा आवाज येत होता. मला बाबांची खाट आठवली. का आठवली ते त्या क्षणी कळलं नाही, पण खाट आठवली, त्यांच्या उशाशी ठेवलेला तांब्या आठवला, आणि खोलीतला औषधाचा वास. मला तेव्हा नुकतंच या कार्यशाळेचं प्रमुखपद मिळालं होतं. माझ्याआधी इथे बाई प्रमुख नव्हती. काका तेव्हा माझ्याशी बोलत नव्हते, रेझिनवाला बोलायचा ते ऐकवत नव्हतं. मी बाबांना सांगायला गेले ते खरं म्हणजे भीतीच सांगायला गेले होते. मला वाटलं ते नेहमीसारखे म्हणतील, कर आणि मग बघू. बाबा छताकडे बघत होते. त्यांचे हात पांघरुणावर होते, चुन्यानं खाल्लेले, नखं नसल्यासारखे. ते म्हणाले, "भिंत बघायला मी काही असणार नाही पोरी. म्हणून आत्ताच सांगतो. तू माझी आहेस, आणि मी तुझ्यावर खूश आहे." मला ते आवडलं नव्हतं. मला वाटलं, आजारानं बाबा हळवे झाले. ज्या माणसानं ओळंबा लावल्याशिवाय जन्मात कोणाला बरं म्हटलं नाही त्यानं न बघता म्हटलं, म्हणजे ते हिशोबात धरायचं नाही. मी ते बाजूला ठेवून दिलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी या पायऱ्या उतरले होते. काकांच्या पाठीला पाठ लावून काम केलं होतं, रेझिनवाल्याचे टोमणे झेलले होते, पहिला पाय वाकडा गेला तेव्हा रडले नव्हते, दुसरा घेतला होता. ते सगळं मी कशाच्या जोरावर केलं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. आपल्या हिमतीवर केलं, असं धरून चालले होते.

आणि ते शब्द बाबांचे नव्हते, हे मला त्या ढिगाजवळ उभं राहून कळलं. लहानपणापासून ऐकलेली, प्रभूच्या बाप्तिस्म्याची गोष्ट. नदीतून एक तिशीतला सुतार वर येतो, अंगावरून पाणी निथळतंय. त्यानं अजून एक आजारी बरा केलेला नाही, एका माणसाला काही शिकवलेलं नाही, घरचं लाकूडकाम सोडून आलाय एवढंच. आणि आकाशातून बाप म्हणतो, हा माझा लाडका, याच्यावर मी खूश आहे. कामाच्या आधी. बघण्यासारखं काही झालेलं नसताना. नंतर जे चाळीस दिवस उपाशी काढायचे होते, जे लोक अंगावर यायचे होते, ते सगळं तो हे ऐकून मग करायला गेला. बाबांनी भिंतीच्या वेळी सृष्टीची गोष्ट धरली आणि पोरीच्या वेळी ही धरली. गवंडी माणूस, पण भिंत आणि पोर यांत फरक असतो हे त्यांना ठाऊक होतं. मी मात्र अर्धंच उचललं आणि त्याच्यावर रविवारचं भाषण बांधून बसले. ते भाषण आता गेलंच होतं. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की समोर जी उभी होती ती मला इतक्या दिवसांत दिसली नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याला कानशीनं घट्टा पडून तो फुटला होता.

"मी पाय बघितलेला नाही," मी म्हणाले. "कापड उचललेलं नाही. तो कसा झालाय मला माहीत नाही, आणि हे मी त्याबद्दल बोलत नाहीये. तू माझी आहेस. तू या खोलीत आहेस याचा मला अभिमान वाटतो. मागचा पाय चुकला त्या दिवशीही वाटत होता, आणि आजचा चुकला तरी वाटेल."

 ती रडली नाही, ती रडणारी नव्हे. मी म्हटलं की दुपारी दांड्यांच्या टोकाला मी उभी राहणार नाही, तू राहा. ती म्हणाली, सलूनवाले माझं तोंड बघून माघारी जातील. मी म्हटलं, त्यांना कुठे माहितेय पाय कोणी केला. मग ती ढिगावरून पाय झटकत आत गेली, आणि मी तिथेच उभी राहून थोडा वेळ देवाशी बोलले. फार काही मागितलं नाही. पाय चांगला असू दे असंही म्हटलं नाही, ते जरा लबाडीचं झालं असतं.

दुपारी सलूनवाला आला, बहिणीच्या खांद्यावर हात टाकून. कोणाच्या केसांकडे बघितलं नाही. खुर्चीत बसला आणि नवा पाय मी चढवत असताना भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला. पाय चढवताना मी पहिल्यांदा पाहिला. काय सांगू. कडा अशी उतरवली होती की बोट फिरवलं तर कुठे सुरू झाली कळत नव्हतं. जीभ वळवळली, ही जागा बघा म्हणून दाखवायला. पण मी गप्प राहिले, ते आता नंतरचं होतं. रेझिनवाल्यानं मशीनं बंद केली. काकांनी सुई ठेवली. मी त्याच्या मागे, त्याच्या बहिणीशेजारी उभी राहिले, जिथे मी कधीच उभी राहत नाही, आणि पलीकडच्या टोकाला सुतारीण, बिनएप्रनची, हात कुठे ठेवावेत ते न कळून दोन्ही बाजूंना सोडलेले. तो उभा राहिला. दांड्या इतक्या घट्ट धरल्या की बोटं पांढरी झाली. ती म्हणाली, या. तो हलला नाही.  त्याचा डावा पाय ठाम होता आणि नवा पाय जमिनीला नुसता लागला होता, भार नाही, भार टाकायला तो तयारच नव्हता. मागच्या वेळचं त्याच्या खांद्यांत बसलं होतं, मला मागून दिसत होतं. तिनं पुन्हा, या, म्हटलं नाही. नियम मोडला.

"दुखेल असं वाटतंय ना," ती त्याला म्हणाली. "दुखलं तर मला सांगा. मी इथेच आहे. मी कुठे जात नाही."

तिच्या तोंडून ते निघालं आणि तिलाच ऐकू आलं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगायचं तर पाय अजून टेकायचाच होता तरी पडला. सलूनवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. मान वळवली नाही, इकडे तिकडे बघितलं नाही, सरळ तिच्याकडे, आणि भार टाकला. उजवा खांदा हळूहळू खाली आला. ओरडला नाही. डावा पाय उचलला, पुढे ठेवला. पुन्हा उजवा. दांडीवरची बोटं एकेक करून सैल झाली. बहिणीनं तोंडावर पदर दाबला. अर्ध्यावर येऊन तो थांबला आणि म्हणाला, थोडं लागतंय. ती म्हणाली, कुठे. तो म्हणाला, मागे, गुडघ्याच्या मागे. ती आत आली, त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसली, कानामागची पेन्सिल काढली आणि सॉकेटच्या मागच्या कडेला खूण केली. मग पेन्सिल न उचलता बाहेरच्या बाजूला बोंडावर हात ठेवला आणि विचारलं, इथे? तो म्हणाला, तिथे नाही. तिथे काहीच नाही. तिनं मान हलवली, जशी ती माझ्यासमोर हलवते.

आमच्याकडे पहिली चाल झाली की माणूस विचारतोच, हा कोणी बनवला. बहुतेकांना आभार मानायचे असतात. उत्तर नेहमी प्रमुख देतो आणि ते एकच असतं, कार्यशाळेनं. सलूनवाल्यानंही विचारलं. आभाराच्या सुरात नव्हे. दांडीला टेकून, खाली बसलेल्या तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"मी केला," सुतारीण खालून म्हणाली. "मागचाही मीच केला होता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रेझिनवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मात्र कोणाकडे पाहिलं नाही, कारण माझे डोळे भरून आले होते आणि अभिमानानं छाती इतकी ताठ झाली होती की ब्लाउज उसवेल की काय वाटत होतं. सलूनवाल्यानं खाली तिच्याकडे पाहिलं. ती गुडघ्यावरच होती, पेन्सिल हातात, मान वर करून, त्याचं जे काय असेल ते ऐकून घ्यायला तयार. मग त्यानं दांडीवरचा एक हात काढला आणि तिला उठायला पुढे केला.

"मग आता लागेल ते तुम्हालाच सांगत जाईन," तो म्हणाला, "जा परत तिकडे उभ्या राहा, उरलेलं चालायचंय मला."